करुणाबाईंचा होकार

तहानलेल्याला पाणी पाजणं हे मोठं पुण्याचं काम, असं आपल्याकडे म्हणतात. मी नोकरीची सगळी वर्षं त्याच्या बरोबर उलटं काम केलं. भर मे महिन्यात, उल्हासनगरच्या तापलेल्या रस्त्यांवरून रिक्षाने हादरत आलेल्या म्हाताऱ्या माणसांवर मी ओरडायचो, "एवढं पाणी प्यायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" चामटोलीच्या एका आजीला बर्फाचा खडा चघळताना पकडलं तेव्हा तो मी तोंडातून बाहेर काढायला लावला होता. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "तुमच्या हाताखालून गेलेली माणसं वर तुमची वाट बघत असतील, तांब्या घेऊन." मी डायलिसिस टेक्निशियन होतो.

हे काम काय असतं ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्याला अजूनही वाटतं की मी एक्स-रे काढायचो. माणसाच्या किडन्या बंद पडल्या की लघवी कमी होत जाते. प्यायलेलं पाणी आणि खाल्लेल्या अन्नातला कचरा अंगातच साठतो. मग ते काम मशीनकडून करून घ्यावं लागतं. हातातली एक शीर ऑपरेशन करून जाड केलेली असते, तिच्यात दोन सुया घालायच्या. सुया कसल्या, गोणी शिवायचे दाभणच. एकीतून रक्त बाहेर येतं, गाळणीतून फिरतं आणि दुसरीतून परत अंगात जातं. चार तास, आठवड्यातून तीनदा. आणि हे बरं होण्यासाठी नसतं, नुसतं चालू राहण्यासाठी असतं, हे नवीन माणसाला समजावणं सगळ्यात अवघड. "किती दिवस करावं लागेल?" असं पहिल्या दिवशी प्रत्येक जण विचारतो. उत्तर देताना मी मशीनचं काहीतरी बटण दाबत असल्यासारखं करायचो.

मी मूळचा मोरिवलीचा. वडिलांचं घर कारखान्याच्या कुंपणाला लागून. बी.एस्सी. कसंबसं पदरात पाडून घेतलं आणि एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये चिकटलो. ती कंपनी बंद पडली, त्याच सुमारास उल्हासनगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसची मशीनं आली. ह्या मशीनना पाणी फार लागतं आणि ते पिण्याच्या पाण्यापेक्षाही स्वच्छ लागतं. पाण्याचा प्लांट समजणारा माणूस त्यांना हवा होता. मी पाण्यासाठी गेलो आणि रक्तात अडकलो.

आमच्याकडची माणसं वर्षानुवर्षं, एक दिवसाआड यायची. एवढे तर सख्खे भाऊही भेटत नाहीत. त्यांची घरातली भांडणं, नातवंडांची बारशी, खिडकीजवळच्या खाटेवरून होणारे रुसवेफुगवे, सगळं आमच्यासमोर. तीन नंबरच्या खाटेवरचे होतूकाका कापडाचे व्यापारी. दर वेळी काट्यावर उभे राहिले की वजन भलतंच वाढलेलं, आणि आमच्याकडे वाढलेलं वजन म्हणजे प्यायलेलं पाणी. मी विचारायचो, "काका, काय खाल्लं?"

"पापड."

"मना केला होता ना?"

"साईं, पापड तो सूखी चीज़ है. उसमें पानी किधर से आया?"

पापडातलं मीठ तहान लावतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण सिंधी घरात आलेल्याला पापड-पाणी दिल्याशिवाय चालत नाही, आणि पाहुण्याला सोबत म्हणून काकाही बसायचे. एकदा चिडून म्हणाले, "हमारा तो भगवान ही पानी का है, झूलेलाल. और तूने मेरा पानी बंद किया. ऊपर जाके क्या जवाब देगा?" मी म्हटलं, "पहले आप जाओ काका, मैं बाद में आके बताता हूँ." असलं आमचं बोलणं. बाहेरच्या माणसाला ते निर्दय वाटेल. पण आज शेजारी असलेला माणूस पुढच्या आठवड्यात तिथे असेलच असं नाही, हे जिथे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे गोड गोड बोलून निभत नाही.

ह्या होतूकाकांच्या शेजारच्या खाटेवर एके सकाळी सुभेदार याकोब भालेराव आले. आज लिहायला बसलो ते खरं तर त्यांच्यासाठी. मूळचे नगर जिल्ह्यातले, मराठी ख्रिस्ती. फौजेत इंजिनियर पलटणीत होते. पूल बांधायचे आणि जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढायचे, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर अंबरनाथला स्थायिक झाले, तिथल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीचे साहेब म्हणून राहिले. सोबत त्यांच्या पत्नी करुणाबाई, बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत डबा, शाल, टॉवेल.

पहिल्या दिवशी मी सुई हातात घेतली तर म्हणाले, "एक मिनिट, जाधव." डोळे मिटून त्यांनी चांगली मोठ्याने प्रार्थना केली. "हे प्रभू, ह्या खोलीतल्या सगळ्यांना सांभाळ. जाधवच्या हाताला यश दे. ह्या मशीनलाही सांभाळ. आमेन."

मी म्हटलं, "साहेब, माझ्या हातावर भरवसा नाही वाटतं?"

"हातावर आहे. मशीन सेकंडहँड दिसतंय."

खरंच होतं. ट्रस्टने ते कुठल्याशा बड्या हॉस्पिटलकडून वापरलेलं घेतलं होतं. खोलीत हशा पिकला आणि सुभेदार आमचे झाले.

मी देव न मानणारा माणूस. आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब, प्रार्थनेची सवय नाही. हे मी त्यांना दुसऱ्याच खेपेला सांगून टाकलं, उगाच माझ्याकडून आमेनची अपेक्षा नको म्हणून. तिसऱ्या खेपेपासून दारातून आत येताना मला "जय भीम, जाधव" म्हणायला लागले. मग मी तरी काय करणार? मीही "जय ख्रिस्त, साहेब" म्हणायला लागलो. आणि होतूकाका खाटेवरून दोघांना मिळून एकच "जय झूलेलाल" ठोकायचे.

फौजेतला माणूस म्हणून सगळे त्यांच्याकडून लढाईच्या गोष्टी ऐकायला टपलेले. सुभेदार सांगायचे भलतंच. रजेवर आल्यावर थोरल्या मुलाने त्यांना ओळखलं नाही आणि 'आई, कुणीतरी काका आलेत' म्हणून आत पळाला, तेव्हा अंगणात बसून आपण कसे रडलो, हे सांगायचे. मुलीला सायकल शिकवताना स्वतः गटारात कसे पडलो ते सांगायचे. बर्फातल्या चौकीवर बिस्किटांच्या पत्र्याचा नाताळचा तारा केला होता आणि सोबतच्या मराठा, जाट, शीख पोरांनी त्याच्याखाली आपापली भजनं म्हटली होती, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळून जायचा. रविवारी उपासनेनंतर मटण आपणच करायचं आणि करुणाबाईंना चुलीपाशी फिरकू द्यायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. मटण स्वतःला वर्ज्य झाल्यावरही ते करत राहिले. चव करुणाबाई सांगायच्या, मीठ हे टाकायचे.

फौजेच्या कामाची एकच गोष्ट त्यांनी सांगितली, करुणाबाईंनाही तोंडपाठ झालेली. एका चौकीवर त्यांच्या तुकडीची पाळी संपली होती, पण बर्फामुळे बदलीची तुकडी पोहोचेना. रेशन संपत आलं, दोघांचे पाय बर्फाने काळे पडले. खालून कुणी 'या' म्हणत नव्हतं, आणि न विचारता उतरायचं नव्हतं. "रिलीफ आल्याशिवाय पोस्ट सोडायची नसते, जाधव. समोर माणूस येऊन उभा राहिला, म्हणाला 'मी आलो, तुम्ही निघा', की मगच." मी विचारलं, "आणि आलाच नाही तर?" ते म्हणाले, "तर मग उभं राहायचं."

त्यांचा खरा फौजीपणा आम्ही पाहिला तो एका दुपारी. वीज गेली. उल्हासनगरला वीज जाणं काही नवीन नाही, पण त्या दिवशी जनरेटरही दगा देऊन बसला. वीज गेली की मशीन थांबतं आणि माणसाचं रक्त बाहेरच्या नळ्यांत अडकतं. थोडा वेळ गेला तर ते तिथेच गोठतं. अशा वेळी मशीनच्या बाजूला एक हँडल असतं, विहिरीच्या रहाटासारखं ते हाताने फिरवत राहायचं. मशीनं सहा आणि आम्ही माणसं तीन. एक बाई किंचाळायला लागली, होतूकाका उठून बसायला लागले. तेवढ्यात सुभेदारांचा आवाज आला, "कोई नहीं हिलेगा!" पडल्या पडल्या मोकळ्या हाताने त्यांनी स्वतःचं हँडल फिरवायला घेतलं. होतूकाकांना म्हणाले, "काका, तुम भी. मेरे साथ. आराम से." आणि ताल राहावा म्हणून त्यांनी चक्क मराठी भजन सुरू केलं. होतूकाकांना एक शब्द कळत नव्हता, पण हात बरोबर तालात चालला. जनरेटर चालू होईपर्यंत आम्ही कुणाचंही रक्त वाया जाऊ दिलं नाही. आमच्या खात्यातल्या ह्या गोष्टीचा मला अजून अभिमान वाटतो. वरिष्ठांनी मात्र नंतर चौकशी केली ती मोठ्याने गाण्याबद्दल.

अशी वर्षं गेली. हे उपचार माणसाला जगवतात आणि झिजवतातही. सुभेदारांचं हृदय कमजोर झालं. हातातली शीर दोनदा बंद पडली, मानेतून नळी घालावी लागली. मशीन लावलं की रक्तदाब कोसळायचा. पायांत गोळे यायचे. गोळे म्हणजे आपल्याला रात्री कधी येतात तसले नव्हेत. पोटरी दगड होते आणि धट्टाकट्टा माणूस आईला हाक मारतो. डायलिसिसचा दिवस असा जायचा, दुसरा दिवस अंथरुणात, तिसऱ्या दिवशी पुन्हा आमच्याकडे. गुडघे टेकून प्रार्थना करणं बंद झालं, मग उभं राहून भजन म्हणणं बंद झालं.

एका सकाळी मशीन लावून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "जाधव, हे बंद केलं तर किती दिवस?"

हा प्रश्न मला नवीन नव्हता. मी खोटं बोलत नसे. म्हटलं, "आठवडा. कुणी दोन आठवडेही काढतं."

"त्रास?"

"थोडा दम लागतो, त्याला औषध देतात. मग झोप येते. बहुतेक झोपच."

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "ही आत्महत्या होते का?"

मी म्हटलं, "साहेब, ते मला विचारू नका. मी पाण्याचा माणूस. तुमच्या पाळकसाहेबांना विचारा." पाळक म्हणजे त्यांच्या चर्चचे धर्मगुरू.

त्यांनी विचारलं असावं. कारण पुढच्या आठवड्यात म्हणाले, "पाळकसाहेब म्हणतात, जीव घेणं वेगळं आणि तो धरून न ठेवणं वेगळं. पण घरचं माणूस हो म्हटल्याशिवाय करू नका." घरचं माणूस म्हणजे करुणाबाई. त्यांना अजून त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. सुरुंग शोधणाऱ्या ह्या माणसाला चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात ह्या एका गोष्टीची वाट सापडत नव्हती.

त्याच महिन्यात त्यांनी मला चर्चला यायचं आमंत्रण दिलं. हंगामाचा सण होता. मराठी ख्रिस्ती लोक त्या रविवारी पिकातलं पहिलं काहीतरी देवापुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये पीक कुठलं? पण लोकांनी कुंडीतल्या मिरच्या आणल्या होत्या, कुणी गावाकडची बाजरी, कुणी भोपळा, एकाने तर पाय बांधलेला कोंबडा, तो प्रवचनात मध्ये मध्ये बोलत होता. मी मागच्या बाकावर बसलो. सुभेदार आणि करुणाबाई पुढे. सुभेदार सुटात, टाय लावलेला, गळ्यातली नळी कॉलरखाली झाकलेली.

त्यांच्या उपासनेत एक रीत आहे. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याआधी पाळक आजाऱ्यांची नावं मोठ्याने घेतात आणि सगळी मंडळी त्यांच्या बरं होण्यासाठी एकत्र मागणं करते. इतकी वर्षं त्या नावांत पहिलं नाव सुभेदारांचं असायचं. करुणाबाईंनी ते कधी चुकू दिलं नव्हतं. त्या दिवशी पाळकसाहेबांनी नावं घेतली. एका गरोदर बाईचं, पाय मोडलेल्या एका मुलाचं, दोन म्हाताऱ्यांची. आणि डोळे मिटले.

करुणाबाई उभ्या राहिल्या. "पाळकसाहेब, भालेरावांचं नाव राहिलं."

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. तरुण माणूस, हातातल्या यादीकडे बघायला लागले. तेवढ्यात सुभेदार बसल्या जागेवरून म्हणाले, "राहिलं नाही, करुणा. मीच काढायला सांगितलं."

"का?"

"बरं कर म्हणून आता मागू नका. खूप झालं मागून. देवाला तरी किती भिडेत घालायचं?"

सगळं चर्च ऐकत होतं. करुणाबाईंना अर्थ कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि मधल्या वाटेने सरळ बाहेर निघून गेल्या. कोंबडासुद्धा गप्प झाला होता. पुढचा लिलाव कसा झाला मला आठवत नाही. सुभेदारांना रिक्षात घालून मीच घरी नेलं.

करुणाबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळून आधी मलाच म्हणाल्या, "जाधवभाऊ, तुम्ही सांगितलंत ना ह्यांना? बंद केलं तर झोपेत जाल म्हणून?"

"त्यांनी विचारलं, बाई."

"विचारलं म्हणून सांगायचं? पोरांनी विस्तू मागितला तर देता का हातात?" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "फौजेत होतात तेव्हा मी एकटीनं दिवस काढले. दारात तारवाला आला की मी दार उघडायचे नाही. तेव्हा रोज देवाला म्हणायचे, हे एवढे परत येऊ देत, मग मी काही मागणार नाही. तुम्ही आलात. आता आपल्या पायांनी निघालात? मी जाऊ देणार नाही. सोमवारी मशीनवर न्यायचं म्हणजे न्यायचं."

सुभेदार म्हणाले, "बरं."

एवढंच. आणि ते सोमवारी आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार येत राहिले. मी एकदा खिजवायला म्हणून म्हटलं, "काय साहेब, पोस्ट सोडणार होतात ना?" ते म्हणाले, "रिलीफ आला नाही अजून." मग मला पुन्हा त्यांना त्या विषयावर छेडण्याची हिंमत झाली नाही. नाताळ आला. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी शेजारच्यांच्या नातवंडांसाठी कागदाचे तारे केले. नवीन वर्ष लागलं. त्रास वाढतच होता.

आता आमच्या खोलीची एक गोष्ट सांगायला हवी. जंतूंचा धोका म्हणून नातेवाइकांना आत यायला मनाई असते. ती सगळी बाहेरच्या बाकांवर बसलेली असतात. मधलं दार पातळ, आतला आवाज बाहेर जातो. करुणाबाई त्या बाकावर इतकी वर्षं बसल्या. मशीन सुटल्यावर सुभेदार बाहेर आले की त्या विचारायच्या, "कसं झालं?" आणि हे म्हणायचे, "मस्त. झोप लागली होती." उभ्या आयुष्यात खोटं न बोललेला माणूस आठवड्यातून तीनदा हे एक खोटं बोलायचा. आत काय चालायचं ते आम्हाला माहीत होतं. पायांत गोळे आले की ते उशाचा टॉवेल तोंडात कोंबून दात आवळायचे. कपाळावरच्या शिरा तटतटून फुगायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज नाही. मला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "बाहेर बोलायचं नाही, जाधव."

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस चालू होते, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी त्यांचा रक्तदाब असा कोसळला की ते बेशुद्ध झाले. अशा वेळी घरच्या माणसाला बोलवावं लागतं. नर्सने दार उघडून करुणाबाईंना हाक मारली. त्या आत आल्या, कोपऱ्यात उभ्या राहिल्या. आम्ही त्यांचे पाय वर केले, सलाईन सोडलं, ते शुद्धीवर आले. आणि शुद्धीबरोबर गोळेही आले. बायको उशाशी उभी आहे हे त्यांना कळलंच नाही. डोळे मिटलेले, हात सवयीने उशाखाली गेला, टॉवेल निघाला, तोंडात गेला.

करुणाबाई बघत राहिल्या. "हे काय करताहेत?" त्यांनी मला विचारलं. मी मशीनचं काहीतरी बटण दाबत असल्यासारखं केलं. शेजारच्या खाटेवरून होतूकाका म्हणाले, "भाभीजी, ये तो रोज़ का है. आवाज़ बाहर आप तक न जाए, इसलिए."

त्या पुढे झाल्या. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी ओढून काढला आणि म्हणाल्या, "ओरडा." सुभेदारांनी डोळे उघडले. त्या पुन्हा म्हणाल्या, "ओरडा, अहो. मी इथंच आहे."

आणि ते ओरडले. असा आवाज मी त्या खोलीत पूर्वी ऐकला नव्हता, आणि ऐकायची इच्छाही नाही. इतक्या महिन्यांचं साठलेलं ते सगळं एकदम बाहेर आलं. बाई त्यांची पोटरी दाबत होत्या, मी दुसरी दाबत होतो. गोळा उतरला, ते घामाने निथळत पडून राहिले. करुणाबाईंनी त्याच टॉवेलने त्यांचं तोंड पुसलं, मग कपाळावर हात ठेवला.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "मी आलेय. तुम्ही निघा."

मानेला मशीनच्या नळ्या असूनही सुभेदारांनी उजवा हात उचलून बायकोला सॅल्यूट केला. मी पाण्याचा प्लांट बघायला म्हणून बाहेर गेलो. प्लांट व्यवस्थित चालू होता.

त्यानंतर ते एकदाच आले, निरोप घ्यायला. काट्यावर उभं राहायची गरज नव्हती. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून प्रत्येक खाटेपाशी थांबले, प्रत्येकासाठी दोन ओळींची प्रार्थना केली. होतूकाका उशीत तोंड खुपसून रडत होते. मला म्हणाले, "जय भीम, जाधव. तुझा हात चांगला आहे." मला "जय ख्रिस्त" म्हणायचं होतं, मी त्यांच्या अंगावरची शाल सारखी करत राहिलो.

पुढचे दिवस मी ड्युटी संपली की अंबरनाथला जायचो. पुण्याहून थोरला मुलगा आला होता, मुलगी परदेशातून आली. संध्याकाळी चर्चची मंडळी यायची, पेटी आणि तबला घेऊन. सुभेदार ओठ हलवायचे. शेवटचे दोन दिवस झोपेतच होते. झोपेतच गेले, मी सांगितलं होतं तसं. दफनाला पलटणीतले दोन म्हातारे साथीदार कुठून कुठून आले होते. होतूकाकांना डॉक्टरांनी मना केलं होतं, तरी ते रिक्षाने आले आणि शवपेटीवर मूठभर माती टाकून गेले. करुणाबाई ताठ उभ्या होत्या. एक टिपूस नाही.

त्यांच्या जागी दुसऱ्या सोमवारी नवा माणूस आला. आमच्याकडे खाट रिकामी राहत नाही, वाट बघणारे पुष्कळ असतात. ह्या कामाची ही एक वाईट बाजू आहे, की रडायला सवड मिळत नाही.

मी सेवेतून मोकळा झाल्यावर बदलापूरला, कुळगावात राहायला गेलो. पावसाळा संपता संपता एक दिवस करुणाबाई दारात उभ्या. धाकट्या जावेकडे बदलापूरला आल्या होत्या, पत्ता विचारत आल्या. बायकोने चहा केला. इकडचं तिकडचं झालं. मग कप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "जाधवभाऊ, एक विचारते. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुमच्याकडे आले. चालू ठेवलं असतं तर अजून किती जगले असते?"

बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी बरं सांगा म्हणून. मलाही तसंच सांगावंसं वाटलं. पण ह्या बाई इतक्या दूर गोड ऐकायला आल्या नव्हत्या.

"हृदय कमजोर होतं, बाई. तरी एक वर्ष निघालं असतं. थोडं जास्तही."

मला वाटलं, चुकलं आपलं.

"सगळे मला म्हणतात, त्यांच्यात काही उरलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेब म्हणतात, डॉक्टर म्हणतात, पोरं म्हणतात. मला बरं वाटावं म्हणून. पण काहीच उरलं नव्हतं, तर मग मी त्यांना दिलं काय? नुसतं हो म्हणायला काय लागतं?" त्यांनी पदर हातात घट्ट धरला. "एक वर्ष होतं. ते माझं होतं, भाऊ. मी ते दिलं."

आणि मग त्या रडल्या, दफनाच्या दिवशी रडल्या नव्हत्या तेवढ्या. बायको त्यांच्या शेजारी जाऊन बसली.